इंडिका नेमकी कुठली?

2003 साल संपत आलं होतं, तेव्हा इंग्लंडमधल्या रोव्हरच्या शोरूममध्ये एक नवी छोटी गाडी येऊन उभी राहिली. नाव सिटीरोव्हर, किंमत 6,495 पौंडांपासून पुढे. बॉनेटच्या टोकाला रोव्हरचं जुनं, मानाचं व्हायकिंग जहाजाचं चिन्ह. पुढची जाळी नवी, बंपर नवे. पण गाडीला वळसा घालून मागे गेलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. मागच्या खांबांवर छपराच्या दिशेनं चढत गेलेले ते उभे, लांब दिवे त्यानं एक्स्प्रेस-वेवर, स्टेशनबाहेरच्या टुरिस्ट गाड्यांच्या रांगेत, वऱ्हाडाच्या ताफ्यात रोज पाहिलेले होते. ती टाटांची इंडिका होती. पुण्यात जुळणी होऊन बोटीत चढली आणि पलीकडे उतरताना इंग्रज झाली.

रोव्हरवर ही वेळ का आली, ते थोडक्यात सांगतो. बीएमडब्ल्यूनं 2000 साली रोव्हर कंपनी अवघ्या 10 पौंडांना विकून टाकली आणि नवी मिनी तेवढी स्वतःकडे ठेवली. नव्या मालकांच्या हाती बर्मिंगहॅमजवळचा लाँगब्रिजचा कारखाना आला, पण विकायला छोटी गाडी नव्हती आणि ती शून्यातून घडवायला पैसाही नव्हता. तयार गाडी घ्यायची आणि तिला आपलं चिन्ह लावायचं, एवढाच मार्ग उरला होता. डिसेंबर 2002 मध्ये टाटांशी करार झाला. म्हणजे ज्या देशानं आपल्याला मॉरिस आणि ऑस्टिन दाखवल्या, त्या देशाला आता पुण्याहून गाडी जायला लागली. मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना तेव्हा जो हुरूप आला होता, तो समजण्यासारखा आहे.

पण इंडिका तरी नेमकी कुठली? तिची जन्मकथा उलगडायला बसलं की हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा राहत नाही.

रतन टाटांनी मागितलेली गाडी कागदावर अशक्यच वाटावी अशी होती. बाहेरून मारुती झेनएवढी, आत अँबॅसडरसारखी ऐसपैस, किंमत मारुती 800 च्या आसपास, आणि चालवायचा खर्च डिझेलचा. 1998 च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत तिचं पहिलं दर्शन झालं, त्याच वर्षी 30 डिसेंबरला ती बाजारात आली आणि आठवडाभरात 1 लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. संपूर्ण भारतीय मोटार, असा तिचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तिची अंगकाठी इटलीत, ट्युरिनच्या आय.डी.ई.ए. संस्थेत घडली होती. इंजिनाच्या कामात फ्रान्सच्या ‘ल मोतर मोडर्न’ या संस्थेची मदत होती. आणि ती बनवण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियाची होती. निस्साननं 1992 साली मेलबर्नजवळच्या क्लेटनमधलं उत्पादन बंद केलं होतं. तो बंद पडलेला कारखाना टाटांनी सुमारे 100 कोटी रुपयांना घेतला, आपली माणसं पाठवून सुटा केला आणि पुण्यात आणून पुन्हा उभा केला. नव्या यंत्रसामग्रीला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले असते. सगळ्या प्रकल्पाचा खर्चच 1,700 कोटींच्या घरात होता, त्यात ही काटकसर मोलाची ठरली. एका जपानी कंपनीनं ऑस्ट्रेलियात टाकून दिलेल्या सांगाड्यातून ‘संपूर्ण भारतीय’ गाडी बाहेर पडली, यावर कुणाला हसू आलं तर त्याला दोष देता येणार नाही.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण घेऊ. ते आपल्या मुंबईतलंच आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना काढला. तिथे बनणारी फियाट 1100 पुढे पद्मिनी झाली. नव्वदीच्या दशकापर्यंत तिचे जवळजवळ सगळे भाग इथेच तयार होत, बनवणारे हात इथलेच होते आणि कंपनीची मालकीही भारतीय होती. टक्केवारीनं मोजायचं तर पद्मिनी इंडिकापेक्षा किती तरी अधिक देशी. तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिला आणि त्याचं काही चुकत नव्हतं. साठीच्या दशकात इटालियन इंजिनिअरांनी आखलेल्या गाडीत पुढची 35 वर्षं किरकोळ डागडुजीपलीकडे काहीच बदललं नाही. मालक परगावी असलेल्या घरात भाडेकरूनं हयात काढावी, रंगरंगोटी करावी, पण भिंत पाडायचं मनात आणू नये, तसा हा संसार चालला. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिला निरोप द्यायला केवढे लेख आले! त्या सगळ्यांत मुंबईबद्दल प्रेम ओसंडून वाहत होतं. ती गाडी मुंबईचीच होती, याबद्दल माझंही दुमत नाही. मात्र ती भारतीय गाडी होती का, हा प्रश्न वेगळा आहे.

सरकारी कागद असल्या प्रश्नात भावनेला थारा देत नाहीत. तुमच्या गाडीचं आरसी काढून चासी नंबर पाहा. 17 अक्षरं-आकडे असतात. पहिल्या अक्षरावरून प्रदेश कळतो: जपानला जे, जर्मनीला डब्ल्यू, इटलीला झेड, ब्रिटनला एस. भारताच्या वाट्याला एमए ते एमई आले आहेत. टाटांच्या गाडीचा नंबर एमएटीनं, मारुतीचा एमए3 नं आणि चेन्नईजवळ बनणाऱ्या ह्युंदाईचा एमएएलनं सुरू होतो. या हिशेबानं कोरियन ह्युंदाईसुद्धा भारतीयच, कारण तो नंबर कारखान्याची पाटी वाचतो. अमेरिकेनं एक पाऊल पुढे टाकलं. तिथल्या 1992 च्या कायद्यानुसार नव्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवावा लागतो: अमेरिका-कॅनडातले भाग किती टक्के, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, अखेरची जुळणी कोणत्या गावी. मग तिथल्या ‘सर्वांत अमेरिकन गाडी’च्या याद्यांमध्ये टोयोटा आणि होंडाच्या गाड्या वरच्या जागा पटकावतात आणि डेट्रॉइटच्या अभिमान्यांचा दरवर्षी हिरमोड होतो.

आपल्याकडे हा वाद कोर्टात पोचला आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सीमाशुल्क खात्यानं स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस धाडली. खात्याचं म्हणणं असं की कंपनीनं जवळजवळ अख्ख्या गाड्याच सुट्या करून, वेगवेगळ्या खेपांतून आणल्या आणि त्यावर सुट्या भागांचा कमी कर भरला. कंपनीला हे मान्य नाही, ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. निकाल काहीही लागो, कज्ज्याच्या मुळाशी असलेला प्रश्न एखाद्या तत्त्वज्ञाला शोभेल असा आहे: किती भाग एकत्र आले की त्याला मोटार म्हणायचं आणि ती मोटार कुठे जन्मली असं धरायचं?

कारखान्याच्या पत्त्यावर विसंबायचं तर रांजणगावचा फेरा मारून यावा. पुणे-नगर रस्त्यावरच्या या औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. 2017 साली तिथून दोन गाड्या बाहेर पडू लागल्या. एक जीप कंपास. अमेरिकन नाव, तेव्हाची मालकी इटालियन-अमेरिकन, आणि आता ज्या समूहाकडे ती गेली त्याचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. ही रांजणगावची जीप ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जपानलाही गेली. दुसरी टाटांची नेक्सॉन. एकाच फाटकातून दोघी निघतात आणि एकीला आपण अमेरिकन म्हणतो, दुसरीला देशी. त्याच्याही आधी फियाटच्या 1.3 लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनानं तर कमालच केली होती. फियाट पुंटोत ते, मारुती स्विफ्टमध्ये ते आणि इंडिका व्हिस्टामध्येही तेच. गाड्यांचे शौकीन त्याला थट्टेनं देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. म्हणजे बॉनेट उघडूनही उत्तर मिळत नाही.

मग इंडिकाला भारतीय का म्हणायचं? माझं उत्तर ती बाजारात आल्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत आहे. त्यासाठी आधी पिंपरीच्या टेल्कोकडे जावं लागेल. कंपनीनं टाटा मोटर्स असं नाव घेऊन दोन दशकं उलटली, तरी पिंपरी-चिंचवडची जुनी माणसं टेल्कोच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. 1954 पासून टेल्को डायमलर-बेंझच्या करारावर जमशेदपुरात ट्रक बनवत होती आणि त्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असायचा. 1969 साली करार संपला, तारा गेला, तिथे टाटांचं चिन्ह आलं. तारा काढणं अर्ध्या तासाचं काम. तो काढल्यावरही ट्रक सुधारत नेता यावा, याची तयारी मात्र टेल्कोची धुरा वाहणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी त्याआधीच पुण्यात सुरू केली होती. त्यांनी पुण्याला आधी टूलरूम उभी केली. साचे, जिग, फिक्श्चर स्वतः घडवता यायला हवेत, ते घडवणारे कारागीर तयार व्हायला हवेत, गाड्या नंतर, असा त्यांचा क्रम होता. जोडीला संशोधन केंद्र आलं. शिकाऊ मुलांच्या किती तरी तुकड्या तिथे कानसीनं पत्रा समतल करत इंजिनिअरिंग शिकल्या. पुण्याच्या अर्ध्या लघुउद्योगाची मुळं शोधत गेलं तर कुणी ना कुणी टेल्कोत उमेदवारी केलेला निघतो. टाटा सुमोचं नाव याच मुळगावकरांच्या नावा-आडनावावरून पडलं.

ही तयारी 1999 मध्ये कसाला लागली. इंडिकाच्या पहिल्या गिऱ्हाइकांनी तक्रारींचा पाऊस पाडला. आवाज फार, हादरे फार, टायर लवकर झिजतात, बारीकसारीक कामं कच्ची. नोंदणीसाठी झुंबड करणारा बाजार पाठ फिरवू लागला. त्यात ट्रकचा धंदाही बसला आणि 2000-01 साली टेल्कोला 500 कोटींचा तोटा झाला. मोटारींचा विभाग फोर्डला विकायची बोलणी झाल्याची आणि नंतरच्या ‘बदल्या’ची कथा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी वाचली आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्या काळात पुण्यात झालेलं निमूट काम. कंपनीनं विकलेल्या गाड्या शिबिरं भरवून बोलावल्या आणि भाग स्वखर्चानं बदलून दिले. दुसरीकडे गाडीची एकेक बाजू पुन्हा हाती घेतली. 2001 साली इंडिका व्ही-2 आली. दिसायला जवळपास तीच, चालवायला वेगळी. 1,405 सीसीचं ते डिझेल इंजिन मग एवढं बाळसं धरून बसलं की पुढची दीड दशकं महाराष्ट्रातल्या भाड्याच्या गाड्यांचा धंदा त्यानं पेलला. लाखालाखाचा पल्ला गाठलेल्या, सीट कव्हर फाटलेल्या, तरी नाशिक-पुणे सुसाट मारणाऱ्या इंडिका ज्यानं पाहिल्या, त्याला अधिक सांगायला नको.

या कामासाठी ट्युरिनला विचारावं लागलं नाही, पॅरिसची परवानगी लागली नाही. चूक पुण्याची होती आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार आणि अक्कलही पुण्याचीच होती. रेखाचित्र पुसून पुन्हा काढायची मुभा ज्याच्या हाती, गाडी त्याची. पद्मिनीला हीच मुभा कधी मिळाली नाही.

सिटीरोव्हरलाही मिळाली नाही. रोव्हरनं गाडीत जुजबी फेरफार केले, वर इंग्लंडच्या बाजाराला जड वाटेल अशी किंमत लावली. तिथल्या परीक्षकांनी तिला झोडपलं. ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमाला तर कंपनीनं चाचणीसाठी गाडीच दिली नाही. तेव्हा त्याचा सूत्रसंचालक जेम्स मे साधा गिऱ्हाईक बनून, छुपा कॅमेरा घेऊन शोरूममध्ये गेला. गाडीतले दोष लाँगब्रिजला दिसत नव्हते असं नाही, पण ती गाडी त्यांनी घडवलेली नव्हती आणि सुधारायला हातात पैसाही नव्हता. एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हर बुडाली, हजारो कामगार घरी बसले. जहाजाचं चिन्ह लावल्यानं इंडिका इंग्रज झाली नव्हती. एमजी हे उरलेलं नाव चिनी कंपनीकडे गेलं आणि आता ते गुजरातच्या हालोलमध्ये बनणाऱ्या गाड्यांवर झळकतं.

आराखडा कोण बदलू शकतो, ही कसोटी लावायची तर आपल्या अभिमानालाही ती लावावी लागेल. 2008 साली टाटांनी जॅग्वार-लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा ‘लँड रोव्हर आता भारतीय’ असं आपण म्हणून मोकळे झालो. आज नवी डिफेंडर स्लोव्हाकियात नित्राला बनते, रेंज रोव्हरची जुळणी 2024 पासून पुण्यातही होते, नफा-तोट्याचा हिशेब मुंबईला येतो. पण तिचा आराखडा, तिची चाचणी, तिच्यात काय बदलायचं याचा निर्णय इंग्लंडमध्ये होतो. म्हणून ती ब्रिटिशच आहे. टाटांनी ती तशी राहू दिली, हे त्यांच्या धंद्याच्या शहाणपणाचं लक्षण मानावं.

इंडिकाचं उत्पादन 2018 मध्ये थांबलं. आता ‘देशी गाडी’ ही जाहिरातीतली ओळ इतकी स्वस्त झाली आहे की ती तपासायचं काहीतरी साधन गिऱ्हाइकाच्या हाती हवं. सरकार अनुदान देताना कंपनीकडून हिशेब घेतंच: वाहन उद्योगाच्या पीएलआय योजनेत किमान 50 टक्के मूल्य देशात तयार झालेलं असावं लागतं आणि तपासणी संस्था ते पडताळून पाहतात. हा आकडा फाइलीत ठेवण्याऐवजी प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर छापायला लावावा. त्याच्याखाली आणखी एक ओळ असावी, जी अमेरिकेच्या कागदावरही नाही: या गाडीचा आराखडा बदलण्याचा अधिकार कोणत्या शहरातल्या कार्यालयाकडे आहे. तोवर शोरूममध्ये गेलात की विक्रेत्याला हे दोन्ही प्रश्न तुम्हीच विचारा.