नाचणीच्या दाण्यातला कारखाना

पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाच्या परिसरात भाताची खाचरं खाली आणि नाचणी-वरी वर, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत. दोन्ही दाणे बारीक, पण तऱ्हा निराळ्या. वरीचं टरफल चिवट; ते काढायला यंत्र हवं, नाहीतर उखळ-मुसळ आणि बायांचे खांदे. नाचणीचं वरचं फोल मळणीतच सुटतं. आतली तांबडी साल मात्र गराला अशी चिकटलेली की पॉलिश करायला गेलं तर गराचाच चुरा होतो. म्हणून नाचणी सालीसकट दळायची. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम १०. त्यातलं बरंचसं या सालीच्या आसपासच.

खरी गंमत पुढे आहे. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून ठेवा. दीड-दोन दिवसांत मोड फुटतात. कोंबाला भूक लागलेली असते, पण साठवलेला स्टार्च त्याला तसाच खाता येत नाही. मग दाणा स्वतःच अमायलेज नावाचं विकर तयार करतो आणि स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून साखर करू लागतो. नेमक्या याच क्षणी दाणे वाळवायचे, चोळून मोड झाडायचे, मंद भाजून दळायचे.

आता साध्या पिठाची आणि या पिठाची पेज शेजारी शेजारी शिजवा. पहिली घट्ट गोळा होते, दुसरी पातळ राहते! दात न आलेल्या बाळाला घट्ट पेज गिळवत नाही म्हणून आई पाणी वाढवते, आणि इवलंसं पोट पाण्यानेच भरतं. मोडाचं पीठ असेल तर तेवढ्याच वाटीत जास्त नाचणी बसते. म्हैसूरच्या मल्लेशी आणि देसिकाचार या संशोधकांनी १९८२ मध्ये मोडाची नाचणी आणि मूग यांचा बालआहार मांडला, तो याच गुणावर. नाचणीचं मूळ घर असलेल्या पूर्व आफ्रिकेत हेच मोड बिअरसाठी वापरतात.

कोकणात सत्त्व जास्त खपतं: मोडाची नाचणी वाटून, गाळून, खाली बसलेला साका वाळवायचा. दिसायला देखणं, पण चोथ्याबरोबर कॅल्शियमही जातं. माझं मत अख्ख्या पिठाच्या बाजूने.

२०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला पन्नासाच्याही आत. त्यापुढची किंमत वाढवायला लागतं पाणी, फडकं, ऊन आणि गावची चक्की. आषाढात हे जमणार नाही. पण नाचणी घरात येते तीच दिवाळीच्या सुमारास, कोरड्या उन्हात. गिऱ्हाईकही लांब नाही: महाडचा बाजार, रायगडावर येणारी माणसं, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या, शिमग्याला आलेले चाकरमानी.

शिवाय मोड जिवंत दाण्यालाच येतात. बाजारातल्या पोत्यात नवी-जुनी नाचणी मिसळलेली असली की काही दाणे फुगून तसेच बसतात. कोणती कणगी यंदाची, हे मळणी करणाऱ्या घराला विचारावं लागत नाही.