भटक्यांचा ट्रायपॉड : हलका किती, भक्कम किती?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्यास्ताला पोहोचायचे, तर पाचनईहून दोन-अडीच तासांची चढण असते. खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे निघाल्यास जवळजवळ दुप्पट वेळ धरावा लागतो. पाठीवर तीन लिटर पाणी, म्हणजे तीन किलो वजन आधीच चढलेले. त्यात शिधा, पांघरूण, कॅमेरा आणि एखादी जादा लेन्स. घरातून निघण्यापूर्वी सॅक उचलून पाहिली, की ‘काय कमी करता येईल’ हा प्रश्न येतोच आणि बाहेर काढली जाणारी पहिली वस्तू बहुधा ट्रायपॉड असते. मग रात्री कड्यावर आकाशगंगा उगवते आणि कॅमेरा दगडावर टेकवून, खाली पाकीट सरकवून कोन साधण्याची कसरत सुरू होते. प्रवासासाठी हलका ट्रायपॉड निवडण्याचा प्रश्न उभा राहतो तो या क्षणी.

आधुनिक कॅमेऱ्यांत हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा आल्यापासून ट्रायपॉडची गरज संपली, असे अनेकांना वाटते. ते अर्धसत्य आहे. लेन्सची जितकी फोकल लेंग्थ, तितक्या भागाचा एक सेकंद, म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० सेकंद, हा हाताने छायाचित्र टिपण्याचा जुना ठोकताळा या यंत्रणेने पुष्कळ सैल केला, हे खरे. मात्र आकाशगंगेसाठी २४ मिलिमीटरच्या लेन्सवर सुमारे २० सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. भंडारदरा परिसरातील काजव्यांचे छायाचित्र याहूनही अधिक वेळ मागते आणि धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून अर्धा ते दोन सेकंद लागतात. इतका वेळ कॅमेरा स्थिर धरणे माणसाच्या हाताचे काम नाही. मोबाइलमधील रात्रीची छायाचित्रणपद्धतीही कित्येक सेकंद चालते आणि मोबाइल आधारावर ठेवल्यावर तिचे फळ सुधारते.

स्टुडिओत किंवा लग्नसमारंभात वापरला जाणारा चांगला ट्रायपॉड हेडसह अडीच-तीन किलोंचा सहज भरतो. प्रवासी म्हणून विकले जाणारे बहुतेक बरे ट्रायपॉड एक ते दीड किलोच्या आसपास असतात आणि घडी केल्यावर ३५ ते ४५ सेंटिमीटरांत मावतात. हे वजन घटते कसे, हे कळले की निवड निम्मी सोपी होते. पाय बारीक करून, भाग वाढवून, उंची कमी करून किंवा धातू बदलून, असे ते चार मार्गांनी घटते. यांतल्या प्रत्येकाची किंमत कोठे ना कोठे मोजावीच लागते.

पायांचे भाग हे यातले सर्वांत फसवे प्रकरण. तीन भागांचा पाय ताठ, पण घडी लांब. पाच भागांचा पाय घडी केल्यावर पिशवीत नाहीसा होतो. मात्र प्रत्येक भाग आधीच्याच्या आत सरकायचा असल्याने शेवटची नळी बोटाएवढी बारीक उरते. नळीचा व्यास थोडासा घटला तरी तिचा ताठपणा कितीतरी पटींनी घटतो, आणि सारे वजन अखेर त्याच नळीवरून जमिनीत उतरते. त्यामुळे दुकानात ट्रायपॉड हाती घेतल्यावर वरची जाड नळी पाहून भुलण्यापेक्षा सर्वांत खालची नळी पाहावी. पदभ्रमंतीसाठी चार भाग हा बहुतेकांना मानवणारा मध्यममार्ग आहे. पाय १८० अंशांत उलटे फिरवून हेडभोवती मिटण्याची युक्तीही आता सर्वत्र रूढ झाली असून तिने घडीची लांबी बरीच कमी केली. २०१९मध्ये पीक डिझाइन या कंपनीने आणलेल्या ट्रायपॉडने निराळीच वाट धरली. मधला दांडा आणि पाय गोल न ठेवता त्यांना असा आकार दिला, की मिटल्यावर मध्ये पोकळी जवळजवळ उरत नाही.

दुसरा फसवा भाग म्हणजे मधला दांडा. जाहिरातीत छापलेली उंची बहुधा हा दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. दांडा वर काढला की तीन पायांवरचा कॅमेरा एका काठीवर येतो आणि थोड्या वाऱ्यातही डोलू लागतो. म्हणून खरी उंची दांडा खाली ठेवूनच मोजावी. तिचा हिशेब सोपा आहे. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटरवर असतात. त्यातून हेडचे दहा आणि कॅमेऱ्याच्या तळापासून डोळ्यापर्यंतचे आठ-दहा सेंटिमीटर वजा केले, की पायांची उंची १४० सेंटिमीटर पुरते. कॅमेऱ्याचा पडदा वळवता येत असेल, तर १२० ते १३० सेंटिमीटरवरही भागते. मात्र डोंगरउतारावर एक पाय नेहमी खाली जातो, हे विसरून चालत नाही.

कार्बन फायबर की ॲल्युमिनियम, हा वाद खिशाशी निगडित आहे. गिट्झो या प्रसिद्ध कंपनीने १९९४मध्ये कार्बन फायबरचे ट्रायपॉड बाजारात आणले, तेव्हा ती चैन होती. आता अनेक कंपन्या ते करतात; तरीही ॲल्युमिनियमच्या तुलनेत किंमत बरीच अधिक पडते. वजनात मिळणारा फायदा लहान ट्रायपॉडमध्ये दोन-तीनशे ग्रॅमचाच असतो. कार्बनमध्ये कंप लवकर विरतो आणि लडाखच्या थंडीत तो हाताला चटका देत नाही, हे त्याचे खरे गुण. उलट खडकावर जोराने आपटल्यास ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला मात्र तडा जाऊ शकतो. वर्षातून दोनच सहली करणाऱ्याने वाचलेल्या पैशांतून चांगले हेड घ्यावे, हा सौदा अधिक शहाणपणाचा.

हेडकडे खरेदीत सर्वांत कमी लक्ष जाते. लांब दांडीची, तीन दिशांना फिरणारी हेड चित्रफितीसाठी ठीक. प्रवासात ती पिशवीत अडकतात. लहान बॉलहेड पुरेसे होते, पण कसल्यावर चौकट किंचित खाली घसरते का, हे जड लेन्स लावून पाहावे. कॅमेऱ्याखाली बसणारी पट्टी ‘आर्का’ पद्धतीची असल्यास पुढे दुसऱ्या कंपनीचे सामानही बहुधा जुळते. निराळ्याच मापाची पट्टी मात्र गडावर हरवली, तर ट्रायपॉडची काठीच उरते.

‘आठ किलो भार पेलतो’ असे खोक्यावर छापलेले असते. हा भार कसा मोजावा याचे सर्व कंपन्यांना बांधील असे एकच प्रमाण नाही. ट्रायपॉड मोडत नाही याला पेलणे म्हणावे, की छायाचित्र हलत नाही याला, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. म्हणून कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलो होत असल्यास निदान तिप्पट आकडा पाहावा आणि त्यावरही विसंबू नये. पाय पूर्ण उघडून माथा तळहाताने दाबावा, दोन्ही हातांनी पिळून पाहावा. मग कॅमेरा लावून पडद्यावरचे चित्र मोठे करावे, पायाला टिचकी मारावी आणि थरथर किती वेळात थांबते ते पाहावे. दोन ट्रायपॉड शेजारी उभे केले, तर हा फरक नवख्यालाही दिसतो. तिन्ही पायांना मध्ये जोडणाऱ्या पट्ट्या असलेले स्वस्त प्लॅस्टिकचे ट्रायपॉड दुकानाच्या फरशीवर झोकात उभे राहतात; खडकाळ जमिनीवर त्यांचे पाय निरनिराळ्या कोनांत उघडतच नाहीत. कड्याच्या टोकावर असा ट्रायपॉड कलंडला, तर वाचवलेल्या हजार-दोन हजारांपायी लाखाचा कॅमेरा दरीत जातो.

हलक्या ट्रायपॉडला वापरणाऱ्यानेही थोडी साथ द्यावी लागते. बारीक नळ्या शेवटी उघडाव्यात, एक पाय दरीच्या बाजूला ठेवावा, शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. वाऱ्यात मधल्या दांड्याला सॅक अडकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण झुलणारी सॅक कंप वाढवते. ती जमिनीला किंचित टेकलेली असावी.

काही ठिकाणी ट्रायपॉड न्यावाच का, हाही विचार करावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत त्यासाठी पूर्वपरवानगी लागते. अजिंठ्याला जाऊन दारातून परत पाठवले जाण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी. कास पठारावर पसरलेल्या तीन पायांखाली, ज्यांच्यासाठी इतक्या दूर यायचे, तीच फुले चिरडली जातात. ताडोब्यात जिप्सीत तीन पाय पसरायला जागाच नसते. तिथे तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवणे उत्तम, आणि पिशवी रिकामी नेऊन तांदूळ मुक्कामी घेता येतात. विमानप्रवासात मात्र ४० सेंटिमीटरच्या घडीचे मोल कळते. केबिनमधील सामानाला देशांतर्गत बहुधा सात किलोंची मर्यादा असते आणि ट्रायपॉड आत नेऊ द्यायचा की नाही, हे सुरक्षा कर्मचाऱ्यांवरही अवलंबून असते. तो नोंदणीच्या सामानात मावेल असा असणे सोयीचे.

पायांची कुलपे फिरकीची घ्यावीत की खटक्याची, यावर छायाचित्रकारांत एकमत नाही. खटका चटकन उघडतो आणि लागला की नाही हे दिसते, पण झुडपात अडकतो. फिरकी सुटसुटीत असते, पण कोकणची वाळू तिच्या आट्यांत शिरली की करकरते. समुद्रातून आलेला ट्रायपॉड त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावा, पाय पूर्ण उघडून सावलीत वाळवावा आणि नंतरच मिटावा. ओला मिटून पिशवीत ठेवला, तर खारे पाणी आतल्या आत स्क्रू गंजवते आणि पुढच्या सहलीला नेमका एक पाय उघडत नाही.