ग्रंथालय-सेवक आणि तंत्रज्ञानजन्य ताण

प्रास्ताविक

ग्रंथालयात संगणक आला म्हणजे तेथील सेवकांचे श्रम कमी होतील, अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे बाळगली जाते. ही अपेक्षा अगदीच निराधार आहे असे नाही. पूर्वी एका ग्रंथासाठी कर्ता, शीर्षक, विषय, संपादक किंवा अनुवादक अशी चार-पाच तालिकापत्रे हाताने लिहावी लागत आणि ती वर्णानुक्रमाने खणांत लावावी लागत. आज एकच नोंद या सर्व मार्गांनी शोधता येते. असे असूनही ग्रंथालयांत काम करणाऱ्यांकडून थकवा, चिडचीड, धास्ती आणि कामाविषयीची उदासीनता यांच्या तक्रारी ऐकू येतात. हातांचे श्रम हलके व्हावेत आणि मनावरील भार मात्र वाढावा, या विसंगतीचा उलगडा कसा करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा उलगडा बहुधा सेवकाच्या वयावरून वा स्वभावावरून केला जातो. जुन्या पिढीतील सेवक यंत्राला बिचकतो, नवे शिकण्याची त्याला हौस नसते, त्याला प्रशिक्षण दिले की प्रश्न सुटेल, असे हे निदान होय. ते सर्वस्वी खोटे नसले तरी फारच अपुरे आहे. ताणाचे मूळ यंत्रापेक्षा यंत्राभोवतीच्या व्यवस्थेत, विशेषतः जुनी पद्धत न सोडता नवी स्वीकारण्याच्या अर्धवट अवस्थेत आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. संज्ञा आणि तिचा अर्थ

शरीरावर पडणाऱ्या निरनिराळ्या आघातांना शरीर एका ठरावीक रीतीने प्रतिसाद देते, हा विचार हान्स सेली यांनी १९३६ साली मांडला. ताणाच्या आधुनिक शास्त्रीय अभ्यासाचा प्रारंभ येथून मानला जातो. संगणकाच्या संदर्भात ‘टेक्नोस्ट्रेस’ ही संज्ञा रूढ झाली ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांच्या १९८४ च्या ग्रंथामुळे. नव्या संगणकीय साधनांशी निरोगी रीतीने जुळवून घेता न आल्यामुळे उद्भवणारा अनुकूलनाचा विकार, असा त्यांनी तिचा अर्थ केला. या व्याख्येत दोष जुळवून न घेणाऱ्या व्यक्तीकडे जातो, हे वाचकांच्या लक्षात येईल. मिशेल वाइल आणि लॅरी रोझेन यांनी १९९७ साली व्याख्या रुंद केली आणि तंत्रज्ञानामुळे विचार, वृत्ती, वर्तन वा शरीर यांवर होणारा कोणताही प्रतिकूल परिणाम तीत समाविष्ट केला.

यापुढील महत्त्वाचे पाऊल मोनिदीपा तराफदार आणि त्यांचे सहकारी यांचे होय. २००७ साली त्यांनी या ताणाची पाच कारणे वेगळी काढली : अतिभार, अतिक्रमण, जटिलता, असुरक्षितता आणि अनिश्चितता. या वर्गीकरणामुळे ‘सेवकाला काय झाले आहे’ या प्रश्नाच्या जागी ‘सेवकावर काय येऊन पडते आहे’ हा प्रश्न आला.

२. पाच कारणे ग्रंथालयाच्या संदर्भात

अतिभार म्हणजे यंत्रामुळे कामाची गती व व्याप्ती वाढणे. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षणसंस्थांना खुली झाली. संशोधकांच्या दृष्टीने ही मोठी सोय होय. परंतु लेख उघडत नाही, परवलीचा शब्द चालत नाही, घरून प्रवेश मिळत नाही, या तक्रारी प्रकाशकाकडे जात नाहीत. त्या देवघेव पटलावर येतात. तेथे बसलेला सेवक ज्या यंत्रणेबद्दल उत्तर देतो, ती त्याने उभारलेली नसते आणि दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याला नसतो.

अतिक्रमण म्हणजे कामाने घराचा उंबरठा ओलांडणे. पुंडलिकनगरसारख्या वस्तीत राहणारा महाविद्यालयीन ग्रंथालयाचा एखादा सेवक सायंकाळी घरी पोचतो, तेव्हा ग्रंथालयाचे दार बंद झालेले असते. हातातील भ्रमणध्वनीवरचा ग्रंथालयाचा गट मात्र उघडाच असतो. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत ही दूरस्थ सेवा अपरिहार्य होती. आपत्काळ संपल्यावर ती कोणत्या वेळात व किती द्यावयाची, याचा निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी झालाच नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान मिळालेले आहे, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

अनिश्चितता म्हणजे साधने सतत बदलत राहणे. ‘इन्फ्लिबनेट’ने तयार केलेल्या ‘सोल’ या आज्ञावलीची पहिली आवृत्ती २००० साली आली, दुसरी २००९ साली आणि तिसरी २०२१ साली. प्रत्येक सुधारणा इष्टच होती. परंतु दर वेळी जुन्या नोंदी नव्या घरात हलवाव्या लागतात आणि हलविताना काय गळाले ते तपासावे लागते. हे काम कोणत्याही अहवालात दिसत नाही.

असुरक्षिततेचे नेहमीचे रूप म्हणजे यंत्र आपली जागा घेईल ही भीती. तिचे दुसरे रूप म्हणजे संपूर्ण परावलंबन. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला. मुख्य तालिका जानेवारी २०२४ मध्ये अंशतः पुन्हा सुरू झाली. तोवर वाचकांना तिचा उपयोग करता येत नव्हता. सेवकांची वैयक्तिक माहितीही चोरीस गेली. इतक्या समर्थ संस्थेची ही अवस्था होते, तर जेथे नोंदींची दुसरी प्रत नियमितपणे ठेवली जात नाही अशा लहान ग्रंथालयातील सेवकाची धास्ती अकारण म्हणता येणार नाही.

राहिली जटिलता. मराठी ग्रंथालयांत तिचे स्वरूप विशेष असल्यामुळे तिचा स्वतंत्र विचार करणे योग्य होईल.

३. मराठी नोंदींचा प्रश्न

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली निश्चित झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. व्यवहारात मात्र दीर्घकाळपर्यंत विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असलेल्या संकेतरचना वापरात राहिल्या. अशा रचनेत पडद्यावर ‘ळ’ दिसत असला तरी संगणकाच्या स्मृतीत त्या जागी एखादे रोमन अक्षर वा चिन्ह असे. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की हजारो नोंदी निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसत. हा त्रास टाळण्यासाठी कित्येक ग्रंथालयांनी मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत केल्या. तेव्हा ‘फुले’ हे आडनाव एका लिपिकाने ‘पीएच’ने लिहिले, दुसऱ्याने ‘एफ’ने, आणि एकाच लेखकाचे ग्रंथ तालिकेत दोन ठिकाणी विखुरले.

टोपणनावांचा प्रश्नही असाच आहे. वाचक ‘कुसुमाग्रज’ मागतो किंवा ‘शिरवाडकर’. ‘केशवसुत’ मागतो किंवा ‘दामले’. पत्रतालिकेत सेवक एक ‘पाहा’ पत्र घालून दोन नावांचा सांधा जोडीत असे. हे ज्ञान त्याच्या व्यवसायाचे भूषण होते. प्रमाणित संगणकीय आकृतिबंधात याची सोय आहे. किंबहुना ती अधिक चांगली आहे. परंतु तिच्यासाठी कर्त्याला १०० आणि शीर्षकाला २४५ अशा क्रमांकांच्या भाषेत विचार करावा लागतो आणि नावांची स्वतंत्र प्रमाणसूची ठेवावी लागते. ही सूची ठेवण्यास वेळ न दिल्यास सेवकाला येत असलेले काम आज्ञावलीत उतरत नाही आणि वाचकाला तो अडाणी वाटू लागतो. ज्या नगरात उर्दूची परंपरा दीर्घ आहे त्या छत्रपती संभाजीनगरात उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीची भर पडून हा गुंता आणखी वाढतो.

अशा रीतीने एकाच ग्रंथाची नोंद प्रथम पत्रावर, मग रोमन लिपीत वा फॉन्टबद्ध मराठीत आणि शेवटी युनिकोडमध्ये, अशी तीन वेळा झालेली असते. पहिल्या दोन वेळांचे श्रम वाया गेले ते सेवकाच्या चुकीमुळे नव्हे, हे त्याला कोणी सांगत नाही.

४. ‘अंशतः’ ही अवस्था

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ साली लागू झालेल्या चौकटीत महाविद्यालयाला ग्रंथालयातील आज्ञावलीचे नाव, आवृत्ती, संगणकीकरणाचे वर्ष आणि त्याचे स्वरूप – पूर्ण की अंशतः – हे विचारले जात असे. यातील ‘अंशतः’ हा शब्द लहान असला तरी त्यात सेवकाचे सारे दैनंदिन कष्ट सामावलेले आहेत. अंशतः संगणकीकृत ग्रंथालयात नवा ग्रंथ आज्ञावलीत नोंदवावयाचा आणि लेखापरीक्षणासाठी दाखल नोंदवहीतही लिहावयाचा; देवघेव यंत्रावर करावयाची आणि वीज जाईल म्हणून वहीतही टिपावयाची; वर्षअखेरीस ग्रंथपडताळणी करताना दोहोंतील तफावत शोधावयाची. नवी पद्धत आली, परंतु जुनी गेली नाही. संक्रमणकाळ म्हणून ही अवस्था समजण्यासारखी आहे. पण संक्रमण दहा-वीस वर्षे चालू राहिले म्हणजे त्याला संक्रमण कसे म्हणावयाचे?

सार्वजनिक ग्रंथालयांची स्थिती याहून बिकट आहे. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना तेथे १९५५ साली ग्रंथालय कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गानुसार अनुदान आणि सेवकवर्ग, तसेच वार्षिक तपासणी अशी रचना उभी राहिली. ग्रंथपाल, निर्गम सहाय्यक, लिपिक, शिपाई या तिच्यातील पदांचा साचा संगणकपूर्व काळाचा आहे. नोंदींचे स्थलांतर, यंत्राची निगा किंवा अंकीय सेवा हे काम करणारे पद त्यात नाही. म्हणून ते काम जो करू शकेल त्याच्यावर पडते. लहान ग्रंथालयात अशी व्यक्ती एकच असते आणि तिचे वेतन तुटपुंज्या अनुदानावर अवलंबून असते.

५. श्रम आणि ताण यांतील भेद

येथे श्रम आणि ताण यांत भेद करणे आवश्यक आहे. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ या काळाचा पहिला खंड १९४३ साली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ साली सिद्ध केला. यंत्राच्या साहाय्याविना झालेल्या या कामाचे श्रम अपार होते. परंतु कामाची मर्यादा, नोंदीची रीत आणि तिचे प्रयोजन ही सूचिकाराच्या स्वतःच्या हाती होती. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचे सार हेच आहे : केवळ कामाच्या मागणीने माणूस खचत नाही, मागणी मोठी आणि तिच्यावरील ताबा अल्प, या संयोगाने तो खचतो.

याच आशयाचा एक भारतीय प्रयोग अभ्यासकांनी विसरू नये. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसविले गेले, तरी उत्पादन अपेक्षेइतके वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली तेथे पाहणी केली. कामगार अनेक सुट्या कामांत विभागलेले होते आणि मागांच्या कोणत्याही एका संचाची संपूर्ण जबाबदारी कोणत्याही एका गटाकडे नव्हती. लहान गट करून प्रत्येकाकडे मागांचा एक संच सोपविण्यात आला. उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते, माणसेही तीच होती; बदलली ती कामाची रचना. गिरणी आणि ग्रंथालय यांत अंतर पुष्कळ आहे, हे खरे. तथापि यंत्र आणून रचना तशीच ठेवल्यास काय होते, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

ग्रंथालयक्षेत्रातही अनुकूल उदाहरण आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी यंत्रणा २००० सालापुढे चालणार नव्हती. तयार माल विकत घेण्याऐवजी त्यांनी आपल्या ग्रामीण शाखांच्या गरजा आणि साध्या दूरध्वनी तारांची मर्यादा ध्यानी घेऊन नवी आज्ञावली करवून घेतली आणि ती सर्वांना मुक्त केली. जानेवारी २००० मध्ये सुरू झालेली ही ‘कोहा’ आज आपल्याकडील अनेक ग्रंथालयांतही वापरात आहे. जन्मतः ती ग्रंथालयाच्या गरजेतून आली. आपल्याकडे मात्र तीच वस्तू पुष्कळदा वरून आलेला आदेश म्हणून दाखल होते.

६. उपाय आणि संशोधनाची दिशा

तराफदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली ताण कमी करणारे तीन घटक सांगितले : ज्ञानवृद्धीस साहाय्य, तांत्रिक मदत आणि सेवकांचा निर्णयात सहभाग. आपल्याकडे पहिल्याचा उच्चार वारंवार होतो, दुसऱ्याचा क्वचित आणि तिसऱ्याचा जवळजवळ नाहीच. म्हणून पुढील गोष्टी प्रथम कराव्यात असे सुचवावेसे वाटते. कोणत्या दिनांकापासून कोणती नोंदवही बंद होईल, हे लेखापरीक्षकांच्या संमतीने लेखी ठरवावे. आज्ञावली निवडण्यापूर्वी देवघेव पटलावरील सेवकाचे मत घ्यावे. स्थलांतराच्या महिन्यांत इतर काम कमी करावे, आणि प्रशिक्षण कामाच्या वेळेतच द्यावे. सायंकाळनंतरच्या संदेशांना उत्तर देण्याचे बंधन नाही, हे जाहीर करावे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यातून एक सूचना निघते. या विषयावरील प्रबंधिकांत प्रश्नावली वाटून सेवकांची वृत्ती मोजावयाची आणि प्रशिक्षणाची शिफारस करून थांबावयाचे, हा मार्ग सोपा आहे. पण दोष व्यक्तीत आहे हे गृहीतक त्यात आधीच दडलेले असते. त्याऐवजी अभ्यासकाने काही दिवस देवघेव पटलामागे बसावे. एका ग्रंथाची नोंद किती ठिकाणी होते, सेवकाच्या अधिकाराबाहेरचे किती प्रश्न त्याच्याकडे येतात, कामात किती वेळा खंड पडतो, हे मोजावे. याच नगरातील विद्यापीठ, अनुदानित महाविद्यालय आणि वस्तीतील सार्वजनिक वाचनालय यांची अशी तुलना झाल्यास ती शासनापुढे ठेवण्याजोगे साधन होईल.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. संगणकाने तो निःसंशय वाचविला. मात्र वाचलेल्या वेळाची किंमत कोणाच्या खात्यातून दिली गेली, हेही पाहिले पाहिजे. ती एकट्या सेवकाच्या खात्यातून जात राहिली, तर काही काळाने यंत्रे उत्तम असतील, ग्रंथही असतील; परंतु वाचकाचे नाव घेऊन त्याला हवा तो ग्रंथ पुढे करणारा माणूस तेथे उरणार नाही.