शेंडा उडवण्याआधी

मे महिना उजाडला की मुंबईच्या सोसायट्यांमध्ये करवती निघतात. वादळात फांदी गाडीवर पडू नये म्हणून गुलमोहराचा शेंडाच उडवला जातो. उपाय सोपा, पण उलटा. मुंडण केलेल्या झाडाला कापाखालून भराभर धुमारे फुटतात. त्यांची पकड वरवरची असते आणि पुढे जोराच्या वाऱ्यात तेच आधी निखळतात.

जाणकार शेंड्याला हात लावत नाही. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढतो. जड फांदी एका दमात कापली तर ती पडताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे सरकून वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. तोही खोडालगत नव्हे, फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या फुगीर गळपट्ट्याच्या बाहेरून. झाड जखम बुजवत नाही, तिला आतून भिंत घालून वेगळी पाडते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे चिरून दाखवले. डांबर फासून ते काम होत नाही.

दमट हवेत बुरशी फोफावते. बुंध्यावर कडक छत्र्या उगवल्या, की आतले लाकूड कुजू लागलेले असते, मग वर पालवी कितीही हिरवीगार असो! कोकणात आंब्याच्या खोडातून भुसा गळताना दिसला, की भिरूड लागल्याचे ओळखतात.

आणि झाड आपल्याच अंगणातले असले, तरी शहरात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.