इतर हक्कांचा रकाना

गावठाणालगतच्या आमच्या वडिलोपार्जित आणि आता बिनशेती झालेल्या जमिनीवर पुतण्याने घर बांधावयाचे ठरविले, बँकेने गृहकर्जाचा अर्जही दाखल करून घेतला; परंतु ३० वर्षांचे दप्तर तपासून बँकेच्या वकिलांनी जो शोध अहवाल दिला, त्यात मालकीविषयी यत्किंचितही संदेह नसताना सातबारावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातील दोन नोंदींवर बोट ठेवलेले होते. एक विकास सोसायटीच्या इकराराची, दुसरी बंडिंगच्या बोजाची. दोन्ही रकमा माझ्या वडिलांच्या हयातीतच फिटल्या होत्या.

बंडिंगची नोंद वाचताना मला वडिलांच्या पिढीचे कष्ट आठवले. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये सरकारने उताराच्या शेतांत बांध घालून दिले, माती अडविली, आणि त्या कामाचा खर्च खातेदारांकडून हप्त्याहप्त्याने वसूल केला. तो फिटेपर्यंत जमिनीवर बोजा राहावा, हे न्याय्यच होते. सोसायटीच्या पीककर्जासाठी सभासद करून देतो तो इकरारही सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे असाच जमिनीवर चढतो. चढविण्याची तत्परता मोठी असते. उतरविण्याची जबाबदारी मात्र, कर्ज फिटले तरी, व्यवहारात खातेदारावरच येऊन पडते.

सोसायटीच्या सचिवांनी जुनी खतावणी काढून, जीर्ण पानांवरील जमेच्या रकमा बोटाने एकेक ताडून पाहिल्या आणि बेबाकी दाखला लिहून दिला. तो घेऊन चावडीवर गेलो. तलाठी भाऊसाहेबांनी दाखला सातबाराशेजारी ठेवला, दोन्हींवरून सावकाश नजर फिरविली आणि म्हणाले, “काका, पैसे फिटले हे दिसतंय. पण दाखल्यावर सर्व्हे नंबर आहे, उताऱ्यावर गट नंबर. एकत्रीकरणात नंबर बदलले. गट नंबर घालून आणा.” त्यांचा आग्रह मला जाचक वाटला नाही, एका गटाची बेबाकी दुसऱ्या गटाच्या नावे पडली, तर पुढील पिढीने दाद कोणाकडे मागावी?

दुरुस्त दाखल्यावरून आणि तहसील कचेरीतील येणेबाकीच्या पडताळणीवरून नमुना ६ मध्ये फेरफार धरला गेला, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या, हरकतीची १५ दिवसांची मुदत कोणाच्याही तक्रारीविना सरली, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावर त्या दोन जुन्या ओळींना कंस पडला. वकिलांनी नवा उतारा पाहून आपला आक्षेप मागे घेतला.

वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे : कर्जाचा शेवटचा हप्ता भराल त्याच दिवशी बेबाकी दाखला मागून घ्या, त्यावरील गट नंबर तेथेच उताऱ्याशी ताडून पाहा, आणि फेरफार प्रमाणित झालेला नवा सातबारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.