रविवार कोणाचा?



आमच्या निकाहला तीन वर्षं झाली. मुंब्र्यात कौसा भागात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड आहे. घरात आम्ही दोघं आणि अम्मी, म्हणजे नवऱ्याची आई. नवरा ठाण्यात एका दुकानाचे हिशेब लिहितो, बायको सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवते. हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथं एकाचीच गोष्ट आहे तिथं सरळ 'नवरा' आणि 'बायको' असंच लिहितो.

आमचा दिवस तुमच्यासारखाच. फज्रनंतर डबे, मग पाण्याची घाई, मग एकाला लोकल आणि दुसरीला शाळेची घंटा. दुपारी बायको घरी येते, स्वयंपाक, अम्मींची औषधं, वह्या तपासणं. संध्याकाळी आठच्या सुमारास नवरा येतो. या सगळ्यात भांडण कशावरून व्हावं? पैशावरून झालं नाही, सासू-सुनेवरूनही नाही. आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते रविवारवरून.

नवऱ्याला टेनिस बॉल क्रिकेटचा नाद. शाळेपासूनची दोस्तमंडळी, दर रविवारी सकाळी सात ते अकरा मैदानावर. लग्नानंतर त्यात एक भर पडली. मॅच संपली की सगळे आमच्या घरी नाश्त्याला. खिमा-पाव, चहा, हसणं-खिदळणं. दोस्त म्हणायचे, "भाभी, तुमच्या हातचा खिमा म्हणजे मॅन ऑफ द मॅच!" बायकोही हसायची. पाहुणा आला की बरकत येते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, निदान आम्हाला दिसत नव्हतं.

बायकोचं माहेर रोह्याचं. कॉलेजात असताना ती आणि तिची एक जिवलग मैत्रीण कुंडलिका नदीच्या काठानं पक्षी बघत फिरायच्या. बायकोच्या अब्बांनी एक जुनी दुर्बीण घेऊन दिली होती. दोघींची मिळून एकच वही. दिसलेला पक्षी, तारीख, वेळ, झाड, सगळं त्यात लिहायचं. मैत्रिणीची अम्मी परतल्यावर तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढायची आणि विचारायची, "आज कोण भेटलं गं?" जणू पक्षी म्हणजे गावातली माणसंच. लग्नात दुर्बीण सामानाबरोबर मुंब्र्याला आली आणि माळ्यावर गेली. वही मैत्रिणीकडे राहिली. कोणी मनाई केली नव्हती. फक्त दुर्बीण काढायला कधी सवड झाली नाही.

एका रविवारी नऊ माणसांचा नाश्ता चालू असताना त्या मैत्रिणीचे दोन मिस्ड कॉल आले. हाताला पीठ लागलेलं, गॅसवर चहा उतू चाललेला. 'नंतर करते' म्हणून फोन बाजूला ठेवला. नंतर भांडी, धुणं, सोमवारच्या शाळेची तयारी. फोन राहून गेला. एकोणीस दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं की मैत्रिणीच्या अम्मीचा त्या रविवारी पहाटे इंतेकाल झाला होता. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्या रात्री बायको जेवली नाही. नवऱ्याला आधी कळेना. तो म्हणाला, "मी तुला कधी मैत्रिणींना फोन करायला अडवलंय का?"

बायको म्हणाली, "तुम्ही अडवलं नाही. पण हात मोकळे कधी होते माझे?"

याचं उत्तर नवऱ्याकडे नव्हतं. हिशेबाचं काम करणारा माणूस, त्याला एकच गोष्ट सुचली. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मागच्या बाजूला दोन रकाने आखले आणि आम्ही दोघांनी गेल्या महिन्याचा हिशेब मांडला. दोस्त आणि आवडीचं काम, यात कोणाचा किती वेळ गेला?

नवऱ्याच्या रकान्यात चार रविवारचं क्रिकेट, १६ तास. इशाच्या नमाजनंतर आठवड्यातून दोनदा नाक्यावर चहा आणि गप्पा, १२ तास. एका दोस्ताच्या भावाच्या वलीम्याला ५ तास. बेरीज ३३ तास.

बायकोच्या रकान्यात एका मैत्रिणीशी २५ मिनिटं फोन. शाळेतल्या सोबतिणीशी बसस्टॉपवर १० मिनिटं. बेरीज ३५ मिनिटं.

आकडे लिहून झाल्यावर आम्ही दोघंही गप्प बसलो. नवऱ्यानं काही चोरलं नव्हतं, बायकोनंही कधी मागितलं नव्हतं. पण जे मागितलं गेलं नाही ते द्यायचंच नाही, असं आपण किती सहज धरून चालतो!

अम्मींनी कॅलेंडर पाहिलं. आम्हाला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "माझा रकाना काढला असता तर शून्य आलं असतं. तुझ्या अब्बांना विचारायचंही सुचलं नाही मला." मग त्यांनी एक हदीस सांगितली. हजरत खदीजा (रजि.) यांच्या वफातीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) बकरी जिबह करत तेव्हा त्यातला हिस्सा आठवणीनं हजरत खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. "बायकोच्या मैत्रिणींचा एवढा मान," अम्मी म्हणाल्या, "आणि आपण बायकोच्या मैत्रिणीचं नावही विसरतो."

पुढच्या शुक्रवारी बायकोनं रजा काढली, नवऱ्यानं काम सोडलं आणि दिव्याहून रोह्याची गाडी धरली. मैत्रीण दारात उभी होती. ती काही बोलली नाही, बायकोही बोलली नाही. दोघी रडल्या. नवरा ओट्यावर बसून राहिला. निघताना मैत्रिणीनं ती जुनी वही आणून दिली. म्हणाली, "अम्मी शेवटपर्यंत विचारायची, आज कोण भेटलं म्हणून." लोकलपेक्षा मोकळ्या त्या गाडीत नवऱ्यानं वही पहिल्यांदा उघडून वाचली. खंड्या, तांबट, सातभाई, घार. बायकोचं अक्षर आणि मैत्रिणीचं अक्षर एकाआड एक. तीन वर्षं एका घरात राहून या बाईला त्यानं पुरतं ओळखलेलं नव्हतं.

घरी आल्यावर ठरवलं की महिन्यातले दोन रविवार त्याचे, दोन तिचे. तिच्या रविवारी सकाळचं घर तो बघणार.

सांगायला सोपं, करायला नाही. पहिल्या रविवारी पोहे तळाला लागले आणि अम्मींच्या गोळ्या द्यायच्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला नवऱ्यानं दोन तासांत तीनदा फोन करून विचारलं, हळद कुठं आहे, मीठ कुठं आहे. दोस्तांनी चेष्टा केली ती वेगळीच. एकानं तर 'आमचा ओपनर सासरी गेला' असं म्हटलं. नवऱ्याला ते लागलं. तो चिडून घरी आला आणि त्या दिवशी आमचं पुन्हा वाजलं. बायकोनं सांगितलं, "नको असेल तर मोडू या ठराव." नवऱ्यानं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "मोडायचा नाही. हळदीचा डबा तेवढा दाखवून ठेव."

बायकोचीही परीक्षा झाली. ती दुर्बीण घेऊन गच्चीवर जाऊ लागली आणि आठवड्यातच समोरच्या विंगमधून तक्रार आली की चौथ्या मजल्यावरची सून लोकांच्या खिडक्यांत बघते! बायको शरमेनं अर्धी झाली. अम्मी मात्र त्या घरच्या खालांना हाताला धरून गच्चीवर घेऊन आल्या आणि दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली. पाण्याच्या टाकीपलीकडे पिंपळावर एक तांबट 'टुक्‌ टुक्‌' करत बसला होता. हिरवा अंगरखा, कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं. खाला म्हणाल्या, "या अल्लाह, हा आवाज मी वीस वर्षं ऐकते. मला वाटायचं कुणीतरी तांब्याची भांडी ठोकतंय!" तेव्हापासून त्यांची नात दर दुसऱ्या रविवारी आमच्या गच्चीवर असते.

मग हळूहळू दोस्त आणि छंद एकमेकांत मिसळले. हिवाळ्यात आम्ही तीन जोडपी मिळून ऐरोलीला गेलो आणि बोटीतून ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी पाहिले. ही खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाली. घरापासून इतकं जवळ, आणि आम्ही फक्त लोकलच्या खिडकीतून खाडी पाहिलेली. 'ओपनर सासरी गेला' म्हणणारा दोस्तच त्या दिवशी सर्वांत जास्त फोटो काढत होता. डबे सगळ्यांनी आपापल्या घरून आणले होते. आता आमच्याकडचा नाश्ताही तसाच होतो. खिमा एकाकडून, पाव दुसऱ्याकडून, आणि चहा पुरुषांनी करायचा.

गेल्या पावसाळ्यात रोह्याची मैत्रीण आणि तिचा नवरा यांच्याबरोबर आम्ही किहीमला गेलो. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये याच गावात सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. १९१८ साली त्यांचा तहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला. पुढं मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी गेली, तेव्हा हे जोडपं किहीमला येऊन राहिलं. हातात काम नाही, पण समोर सुगरणींचे खोपे. त्या रिकाम्या दिवसांतूनच त्यांचं नाव झालं ते काम उभं राहिलं. सुरुवातीच्या पक्षी-पाहण्यांत तहमिना बेगम त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडल्या. आपली इंग्रजी सुधारली ती बायकोमुळे, हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना बेगम वारल्या. ते १९८७ पर्यंत जगले. एका माणसाच्या छंदामागे दुसऱ्या माणसाचं आयुष्य कसं उभं असतं, ते तिथं समुद्राच्या वाऱ्यात उभं राहून आम्हाला उमगलं.

सुगरणीचंही एक गंमतीचं. मराठीत नाव बाईचं, पण खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते. तिला पटला तर राहते, मग तो उरलेला पुरा करतो. मैत्रिणीचा नवरा म्हणाला, "म्हणजे आमच्यासारखंच." बायको म्हणाली, "पुढचं ऐका. ती अंड्यांवर बसली की हा दुसरा खोपा विणायला जातो, दुसऱ्या मादीसाठी!" तेव्हा चौघांनी मिळून ठरवलं की उदाहरण अर्ध्या खोप्यापर्यंतच घ्यायचं.

प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढं कधीतरी ते जिंकले. नवरा-बायकोनं एकत्र खेळावं, हसावं, हे आपल्या घरांना परकं नाही. आपणच ते कुठंतरी माळ्यावर टाकून दिलं आहे.

आमचं सगळं आलबेल आहे असं नाही. महिन्याअखेरीस कॅलेंडर उलटं करून आकडे पाहतो, तेव्हा आजही नवऱ्याचा रकानाच जड असतो. मागच्या महिन्यात १९ तास आणि ११ तास. इन्शाअल्लाह थोड्याच महिन्यांत आमच्या घरी पाळणा हलेल आणि मग हा हिशेब नव्यानं मांडावा लागेल. कदाचित दोघांचेही रकाने काही दिवस रिकामे राहतील. पण रिकामे राहिले तर दोघांचे राहोत, एकीचाच नको, एवढं आम्ही ठरवलं आहे.

वाचक भावा-बहिणींना एकच विनंती. आज रात्री कॅलेंडर उतरवा, मागं दोन रकाने काढा. घरात सासू असेल तर तीन काढा. आणि बेरीज करण्याआधी, ज्या मैत्रिणीचा मिस्ड कॉल राहून गेला आहे तिला एक फोन करा.

आमच्यासाठी दुआ करा.