डॉ. अकासियो व्हिएगस : निर्भय निदान
गोव्यातील हडफडे येथे १८५६ साली जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस मुंबईच्या मांडवी भागात वैद्यकीय व्यवसाय करीत. सप्टेंबर १८९६ मध्ये तेथील रुग्णांचा तीव्र ज्वर व अंगावरील गाठी पाहून त्यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे निदान केले. बंदराच्या शहरात प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे व्यापारावर संकट ओढवून घेणे; तरीही त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि ते खरे ठरले. वस्त्यांच्या स्वच्छतेचा आग्रह त्यांनी धरला. १८९७ मध्ये हाफकिन यांची लस सिद्ध होताच सहस्रावधी नागरिकांना ती टोचली. पुढे ते मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. १९३३ मध्ये ते निवर्तले. अप्रिय निदान वेळीच सांगणे, हीच त्यांना वैद्यकांची खरी आदरांजली होय.